डालड्याचा डबा

डालड्याचा डबा म्हणजे ‘डालडा’ या वनस्पती तुपाच्या विक्रीसाठी वापरला जाणारा, पिवळ्या रंगाचा व हिरव्या ताडवृक्षाचे चित्र असलेला पत्र्याचा डबा होय. विसाव्या शतकाच्या मध्यापासून सुमारे तीन-चार दशके तो महाराष्ट्रातील बहुतेक घरांत आढळत असे. आतील तूप संपल्यावरही डबा टाकून दिला जात नसे. धान्य, डाळी, फराळ व पाणी ठेवण्याचे ते नेहमीचे भांडे बनत असे. ‘डालडा’ हे एका कंपनीच्या मालाचे नाव असले, तरी मराठीत ते कोणत्याही वनस्पती तुपासाठी सामान्यनाम म्हणून रूढ झाले.

आरंभ

द्रवरूप तेलात निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन वायू मिसळून त्याला घट्ट रूप देण्याची प्रक्रिया जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉरमन यांनी १९०२ मध्ये पेटंट केली. या रीतीने तयार झालेला स्निग्ध पदार्थ हॉलंडसारख्या देशांतून भारतात येऊ लागला. तो रवाळ, पांढरट व तुपासारखा दिसणारा असून साजूक तुपाच्या मानाने पुष्कळ स्वस्त होता. लिव्हर समूहाने १९३१ मध्ये हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली आणि पुढील वर्षी मुंबईत शिवडी येथील कारखान्यात उत्पादन सुरू झाले. ‘डालडा’ हे नाव १९३७ मध्ये बाजारात आले. ‘दादा’ नावाने माल आणणाऱ्या डच व्यापाऱ्यांच्या नावात लिव्हरचे ‘ल’ हे अक्षर घालून ते तयार केले, असे त्याविषयी सांगितले जाते. १९५६ मध्ये ही कंपनी समूहातील अन्य दोन कंपन्यांसह ‘हिंदुस्थान लिव्हर’मध्ये विलीन झाली.

भारतीय गृहिणीला तुपाऐवजी दुसरे काही वापरावयास लावणे सोपे नव्हते. तूप हा केवळ खाद्यपदार्थ नसून नैवेद्य, होम, बाळंतपण व पाहुणचार या सर्वांशी जोडलेला पदार्थ आहे. म्हणून लिंटास या जाहिरातसंस्थेने १९३९ मध्ये आखलेली प्रचारमोहीम त्या काळाच्या मानाने अपूर्व ठरली. डालड्याच्या डब्याच्या आकाराची मोटारगाडी रस्त्यांवरून फिरवण्यात आली, चित्रपटगृहांत लघुपट दाखवण्यात आले आणि चौकाचौकांत पदार्थ तळून लोकांना हुंगावयास व चाखावयास देण्यात आले. पुढे ‘डालडा सल्ला सेवा’ या नावाने गृहिणींच्या पत्रांना उत्तरे दिली जात व पाककृतींची पुस्तके काढली जात. घरांसाठी लहान गोल डबे व खाणावळी-हॉटेलांसाठी मोठे चौकोनी डबे अशी विभागणीही आरंभापासून होती.

वर्धा आणि वनस्पतीविरोध

डालड्याचा इतिहास शिवडीच्या कारखान्याइतकाच वर्धा जिल्ह्याशीही निगडित आहे; मात्र विरोधाच्या अंगाने. महात्मा गांधींच्या प्रेरणेने डिसेंबर १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेत, मगनवाडीत, संघाचे काम चाले आणि जे. सी. कुमारप्पा हे त्याचे चिटणीस होते. गावातील तेली व त्याची बैलघाणी टिकवणे हे संघाच्या प्रमुख कामांपैकी एक होते. झवेरभाई पटेल यांनी मगनवाडीत प्रयोग करून सिद्ध केलेली सुधारित घाणी ‘वर्धा घाणी’ या नावाने देशभर ओळखली गेली. जुन्या घाणीपेक्षा तिच्यात एका वेळी अधिक बी मावे व तेलही अधिक निघे.

कारखान्यातील वनस्पती तूप हे या प्रयत्नांच्या नेमके विरुद्ध टोक होते. त्यामुळे घाणीचा तेली आणि दुभते बाळगणारा शेतकरी हे दोघेही अडचणीत येत होते. हिंगणघाट तालुक्यातील वडनेरसारख्या कापूस पिकवणाऱ्या गावांत जवस, तीळ व भुईमुगाचे तेल आणि घरच्या गाई-म्हशींचे लोणी हाच स्निग्ध पदार्थांचा आधार असे. याच जिल्ह्यात गवळाऊ ही गाईची देशी जात आढळते. जमनालाल बजाज यांनी अखेरच्या काळात गोसेवेचे काम हाती घेतले, त्यामागेही हीच अर्थव्यवस्था होती. वर्ध्याचा प्रसिद्ध गोरसपाक आजही गाईच्या तुपातच केला जातो, ही त्या परंपरेची एक खूण होय.

गांधीजींनी १९४६ मध्ये ‘हरिजन’मधून या प्रश्नावर लिहिले. त्यांचा मुख्य आक्षेप फसवणुकीवर होता. वनस्पती हे तूप नव्हे; ते तूप म्हणून किंवा तुपात मिसळून विकणे ही ग्राहकाची वंचना आहे, अशी त्यांची भूमिका होती. हा आक्षेप निराधार नव्हता. साजूक तुपात वनस्पती मिसळले, तर नुसत्या डोळ्यांनी वा वासाने ते ओळखणे अवघड असे.

स्वातंत्र्यानंतर संसदेत ठाकूरदास भार्गव यांनी वनस्पतीवर बंदी घालण्याचा प्रश्न लावून धरला. केंद्र सरकारने लोकमत अजमावले. पण बंदी आली नाही. वनस्पतीला वेगळा रंग द्यावा, अशीही मागणी होती. परंतु तापवल्यावर टिकणारा व खाण्यास निरुपद्रवी असा रंग सापडला नाही. त्याऐवजी वनस्पतीत किमान पाच टक्के तिळाचे तेल मिसळणे सक्तीचे झाले. तिळाच्या तेलात असे द्रव्य असते की, फरफ्युरॉल व हायड्रोक्लोरिक आम्लाच्या कसोटीत ते लालसर रंग देते. त्यामुळे तुपात वनस्पती मिसळले असल्यास प्रयोगशाळेत ते उघड होते. ही ‘बॉडुइन कसोटी’ होय. वनस्पतीत ‘अ’ जीवनसत्त्व घालणेही पुढे बंधनकारक करण्यात आले. सामान्य गिऱ्हाइकाजवळ मात्र प्रयोगशाळा नव्हती. त्याला दुकानदाराच्या शब्दावरच विसंबावे लागे.

स्वयंपाकघरातील स्थान

बंदीच्या वादात विजय कोणाचा झाला, हे स्वयंपाकघरात दिसून आले. मध्यमवर्गीय घरांत साजूक तूप वरणभातावर व देवापुढे राहिले आणि तळण, मोहन व पक्वान्ने डालड्याकडे गेली. दिवाळीच्या शंकरपाळ्या व करंज्यांना मोहन, चिरोट्यांना साटा, बेकरीत भाजून आणावयाच्या नानकटाईसाठी घरून न्यावयाचे साहित्य, या सर्वांत डालडा गृहीत धरला जाई. लग्नाच्या पंगतीत बुंदी साजूक तुपातली की डालड्यातली, यावरून यजमानाची ऐपत जोखली जाई. ‘डालडा खाऊन वाढलेली पिढी’ हा वडीलधाऱ्यांचा टोमणाही याच काळातला. ज्यांना तूप कधीच परवडले नव्हते, अशा घरांना मात्र सणासुदीला गोडधोड करता येऊ लागले ते याच डब्यामुळे. वनस्पतीविरोधाच्या इतिहासात या बाजूची दखल क्वचितच घेतली जाते.

रिकामा डबा

डब्याचे झाकण दाबून घट्ट बसणारे असे व ते चमच्याच्या दांड्याने उचकटावे लागे. या घट्ट झाकणामुळे मुंग्या, ओल व किडे यांपासून आतील जिन्नस सुरक्षित राहत. पितळेचे डबे महाग, मातीची मडकी फुटणारी आणि स्टेनलेस स्टील अद्याप सर्वत्र पोहोचलेले नव्हते. अशा काळात हा डबा तुपाबरोबर फुकट मिळत असे. फडताळात ओळीने मांडलेल्या डालड्याच्या डब्यांत डाळी, पोहे, गूळ, पापड व कुरड्या भरलेल्या असत.

डब्याला डाख लावून कडी वा दांडा बसवून दिला, की त्याचे पाणी काढण्याचे वा धान्य मोजण्याचे माप होई. तळाला भोके पाडून त्यात तुळस किंवा शेवंती लावली जाई. डबा गंजू लागला की तो परसाकडे जाताना पाणी नेण्याच्या कामी येई. ग्रामीण महाराष्ट्रात ‘डबा घेऊन जाणे’ या शब्दप्रयोगाला हाच अर्थ चिकटला. हागणदारीमुक्तीच्या मोहिमांत पहाटे फिरणाऱ्या ‘गुड मॉर्निंग पथकां’चा रोख हातात डबा घेऊन निघालेल्यांवर असे. मुलांच्या ‘डबा ऐसपैस’ या खेळातही असाच एखादा रिकामा डबा लागे. कंपनीच्या कोणत्याही जाहिरातीत नसलेले हे उपयोग लोकांनी स्वतः शोधून काढलेले होते.

ऱ्हास

डालड्याच्या घसरणीला एकच कारण नाही. १९८३ मध्ये, आयात केलेली प्राण्यांची चरबी काही उत्पादकांनी वनस्पतीत मिसळल्याचे प्रकरण देशभर गाजले. त्यातून एकूणच वनस्पती तुपाविषयी लोकांच्या मनात अढी बसली. त्याच दशकात शुद्ध केलेली तेले पाकिटांतून व डब्यांतून मिळू लागली. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचे ‘धारा’ तेल १९८८ मध्ये आले, तर सूर्यफूल व करडईच्या तेलांची जाहिरात हृदयाच्या आरोग्याच्या आधारे होऊ लागली. विदर्भात याच सुमारास सोयाबीनचा पेरा वाढू लागला आणि सोयाबीनचे तेल तेथील स्वयंपाकघरांत रुळले.

निर्णायक आघात वैद्यकशास्त्राकडून झाला. तेलात हायड्रोजन अर्धवट मिसळताना ‘ट्रान्स’ प्रकारची मेदाम्ले तयार होतात. त्यांमुळे रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढते व उपकारक कोलेस्टेरॉल कमी होते, असे १९९० नंतरच्या संशोधनातून स्पष्ट होत गेले. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने तेल व वनस्पतीतील या मेदाम्लांची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणली. ती २०२१ मध्ये तीन टक्के व जानेवारी २०२२ पासून दोन टक्के आहे. गांधीजींच्या काळी वाद नावातील खोटेपणाचा होता. शरीराला होणाऱ्या अपायाचा हा पुरावा त्या वेळी कोणत्याच पक्षाच्या हाती नव्हता.

दरम्यान पत्र्याच्या डब्याची जागा प्लॅस्टिकच्या बरणीने व पुढे पाकिटाने घेतली होती. बरणी काही काळ घराघरांत वापरली गेली. पाकिटाचा पुनर्वापर अर्थातच नव्हता. हिंदुस्थान लिव्हरने २००३ मध्ये ‘डालडा’ हे नाव बंज या बहुराष्ट्रीय कंपनीला विकले. त्यानंतर ते वनस्पतीबरोबर शुद्ध केलेल्या तेलांवरही छापले जाऊ लागले.

साठवणीचे भांडे म्हणून डालड्याच्या डब्याची जागा आधी स्टीलने व नंतर प्लॅस्टिकने घेतली. अमेरिकेतील टपरवेअर ही कंपनी १९९६ मध्ये भारतात आली. तिने ओळखीच्या स्त्रियांच्या घरगुती मेळाव्यांतून हवाबंद डबे विकले. येथे ग्राहक आत काहीही नसलेल्या डब्यासाठी मोठी किंमत देत होता. या कंपनीनेही सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीपासून संरक्षण मागितले. डालड्याचे जुने पिवळे डबे आता भंगाराच्या दुकानांत, जुन्या वस्तूंच्या संग्राहकांकडे आणि क्वचित एखाद्या गावातल्या अंगणात तुळशीखाली आढळतात.