पेन ड्राइव्हवरचा लग्नाचा व्हिडिओ डीव्हीडी प्लेअरवर का चालत नाही? चालणारी डीव्हीडी कशी बनवतात?

लग्न आटोपून दोन-तीन महिने झाले की फोटोग्राफरकडून पेन ड्राइव्ह येतो. घरातली तरुण मंडळी लॅपटॉपवर, मोबाईलवर व्हिडिओ बघून मोकळी होतात. गावाकडे आजी-आजोबांच्या टीव्हीखाली मात्र अजून जुना डीव्हीडी प्लेअर असतो आणि त्यांना तोच वापरता येतो. मग कुणीतरी कोरी डीव्हीडी आणतं, कॉम्प्युटरवरून फाइल त्यावर कॉपी करतं आणि डिस्क गावी पाठवून देतं. तिकडे डिस्क आत घातल्यावर टीव्हीवर दिसतं, 'नो डिस्क' किंवा 'डिस्क एरर'.

अशा वेळी अनेकदा डिस्क खराब नसते आणि प्लेअरही बिघडलेला नसतो. मधला एक टप्पा राहून गेलेला असतो. तो टप्पा कोणता आणि हे काम नीट कसं करायचं, ते समजून घेऊ.

डेटा डीव्हीडी आणि व्हिडिओ डीव्हीडी यात फरक काय?

डीव्हीडीवर फाइल नुसती कॉपी केली की तयार होते ती डेटा डीव्हीडी. कॉम्प्युटरला ती वाचता येते, कारण कॉम्प्युटरसाठी ती पेन ड्राइव्हसारखीच असते. टीव्हीजवळचा प्लेअर मात्र ठरावीक साच्यातली डिस्क शोधत असतो.

त्या साच्यात 'व्हिडिओ टीएस' नावाचा फोल्डर असतो आणि त्यात तीन प्रकारच्या फाइल्स असतात. व्हीओबी फाइलमध्ये चित्र आणि आवाज असतो. आयएफओ फाइलमध्ये कोणता भाग कुठे आहे, मेनू कसा आहे याची माहिती असते. बीयूपी फाइल म्हणजे त्या माहितीची जादा प्रत. एक व्हीओबी फाइल जास्तीत जास्त १ जीबीची असते, म्हणून मोठा व्हिडिओ अनेक तुकड्यांत दिसतो.

दुसरी अडचण व्हिडिओच्या भाषेची आहे. डीव्हीडी १९९६ साली जपानमध्ये बाजारात आली. तिचा व्हिडिओ एमपेग-२ पद्धतीने साठवला जातो. आजच्या एमपीफोर फाइल्समध्ये सहसा वापरली जाणारी एच.२६४ पद्धत २००३ साली आली. जुन्या प्लेअरच्या चिपला ती कळतच नाही. फाइलचं नाव बदलूनही उपयोग होत नाही, आतला व्हिडिओच नव्याने रूपांतरित करावा लागतो.

विंडोजचा कोणता पर्याय फसवतो?

कोरी डिस्क घातल्यावर विंडोज विचारतं, डिस्क यूएसबी ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसोबत? दुसरा पर्याय निवडला की काम झालं, असं अनेकांना वाटतं. पण हा पर्याय फक्त डिस्क कशी लिहायची ते ठरवतो, व्हिडिओचं रूपांतर करत नाही. त्यात एमपीफोर टाकली तर डिस्कवर एमपीफोरच जाते.

विंडोज व्हिस्टा आणि विंडोज ७ च्या काही आवृत्त्यांत 'विंडोज डीव्हीडी मेकर' हा प्रोग्रॅम होता. विंडोज ८ पासून तो काढून टाकला गेला. त्यामुळे आता वेगळं सॉफ्टवेअर लागतं.

एका डिस्कवर किती तासांचा व्हिडिओ मावतो?

साध्या डीव्हीडीची क्षमता ४.७ जीबी असते. कॉम्प्युटर वेगळ्या पद्धतीने मोजतो, म्हणून विंडोजमध्ये तो आकडा साधारण ४.३८ जीबी दिसतो. डबल लेयर डिस्कवर ८.५ जीबी मावतात.

किती तास मावणार हे बिटरेटवर, म्हणजे दर सेकंदाला किती डेटा वापरला जातो त्यावर ठरतं. साध्या डिस्कचा हिशेब साधारण असा:

- १ तास: भरपूर जागा, उत्तम चित्र
- दीड तास: सेकंदाला सुमारे ७ मेगाबिट, चांगलं चित्र
- २ तास: सुमारे ५ मेगाबिट, चालण्यासारखं
- ३ तास: सुमारे साडेतीन मेगाबिट, वरातीतल्या नाचासारख्या वेगवान दृश्यांत चौकोन फुटताना दिसतात

लग्नाचं शूटिंग चार तासांचं असेल, तर हळद, लग्न आणि रिसेप्शन अशा वेगळ्या डिस्क केलेल्या बऱ्या.

पाल की एनटीएससी?

भारतात पाल पद्धत चालते. यात चित्र ७२० बाय ५७६ आकाराचं आणि सेकंदाला २५ फ्रेम असतात. अमेरिकेत एनटीएससी आहे, म्हणजे ७२० बाय ४८० आणि सेकंदाला सुमारे ३० फ्रेम. भारतातले बहुतेक प्लेअर दोन्ही चालवतात. अमेरिकेतल्या अनेक प्लेअरवर मात्र पाल डिस्क चालत नाही. तिकडच्या नातेवाइकांना डिस्क पाठवायची असेल तर एनटीएससी निवडा.

टीव्ही जुना, चौकोनी असेल तर ४:३ आणि रुंद असेल तर १६:९ प्रमाण घ्या. हे चुकलं तर माणसं ताणलेली किंवा दबलेली दिसू शकतात. मोबाईल उभा धरून घेतलेल्या व्हिडिओच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणारच.

प्रत्यक्षात काय करायचं?

यासाठी 'डीव्हीडी स्टायलर' हे मोफत सॉफ्टवेअर वापरता येतं. लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह नसेल तर यूएसबीने जोडायचा बाहेरचा डीव्हीडी रायटर लागेल.

१. नवीन प्रोजेक्ट उघडा. डिस्कची क्षमता, पाल किंवा एनटीएससी आणि चित्राचं प्रमाण निवडा.

२. व्हिडिओ फाइल्स हव्या त्या क्रमाने टाका. बिटरेट 'ऑटो' ठेवला की उपलब्ध जागेनुसार हिशेब सॉफ्टवेअरच करतं.

३. मेनू साधा ठेवा. ज्येष्ठांसाठी मोठी अक्षरं आणि दोन-तीनच बटणं पुरेत.

४. थेट डिस्क लिहू नका, आधी आयएसओ इमेज बनवा. रूपांतराला बराच वेळ लागू शकतो.

५. ती इमेज व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडून तपासा. मेनूवरची मराठी अक्षरं, जोडाक्षरं बरोबर आहेत का, शेवटपर्यंत आवाज आणि ओठ जुळतात का, ते बघा.

६. सगळं ठीक असेल तरच डिस्क लिहा. विंडोजमध्ये इमेजवर राइट क्लिक करून 'बर्न डिस्क इमेज' निवडा. लिहून झाल्यावर पडताळणी करायचा पर्यायही सुरू ठेवा.

पाचवी पायरी टाळू नका. एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवर चूक झाली तर ती डिस्क वाया जाते.

डिस्क कोणती घ्यायची?

दुकानात डीव्हीडी मायनस आर आणि डीव्हीडी प्लस आर असे दोन प्रकार मिळतात. जुन्या प्लेअरसाठी मायनस आर तुलनेने सुरक्षित. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू डिस्क कमी प्रकाश परावर्तित करते, म्हणून काही जुन्या प्लेअरना ती वाचता येत नाही.

लिहिण्याचा वेग ४ एक्स किंवा ८ एक्स ठेवा. ४ एक्सला पूर्ण डिस्क लिहायला साधारण १५ मिनिटं लागतात.

तरीही चालली नाही तर?

आधी तीच डिस्क कॉम्प्युटरवर बघा. 'व्हिडिओ टीएस' फोल्डर नसेल तर डेटा डिस्क बनली आहे. फोल्डर आहे, पण प्लेअर डिस्क ओळखत नाही, तर ती फायनलाइज झाली नसावी किंवा तो प्रकार प्लेअरला चालत नसावा. व्हिडिओ मध्येच अडकत असेल तर बिटरेट कमी करून आणि कमी वेगाने पुन्हा लिहून बघा.

आवाज हळूहळू मागे पडत असेल तर कारण बहुधा मोबाईलच्या व्हिडिओत असतं. अनेक फोन शूटिंग करताना फ्रेमचा वेग कमी-जास्त करतात. 'हँडब्रेक' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून फाइल आधी सारखी करून घ्या. मात्र हँडब्रेक व्हिडिओ डीव्हीडी बनवत नाही, तयार फाइल पुन्हा डीव्हीडी स्टायलरमध्येच टाकावी लागते.

हे सगळं आपल्या स्वतःच्या व्हिडिओंसाठी. विकत घेतलेल्या चित्रपटाच्या डीव्हीडीचं कॉपी-संरक्षण हक्कांचा भंग करण्यासाठी तोडणं हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५अ नुसार गुन्हा आहे. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

मूळ फाइल डिलीट करायची का?

नाही. सर्वात मोठं नुकसान इथेच होतं. डीव्हीडी बनली म्हणून पेन ड्राइव्ह रिकामा केला जातो. पण फुल एचडी व्हिडिओच्या तुलनेत पाल डीव्हीडीच्या चित्रात फक्त एक पंचमांश पिक्सेल असतात, फोरकेच्या तुलनेत तर विसावा भाग. गेलेला तपशील डिस्कवरून परत मिळत नाही.

शिवाय घरी लिहिलेली डिस्क कारखान्यात छापलेल्या डिस्कसारखी नसते. तिच्यातल्या रंगद्रव्याच्या थरावर लेझरने खुणा केलेल्या असतात आणि ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो थर खराब होतो. त्यामुळे डिस्क कव्हरमध्ये उभी ठेवा, स्टिकर लावू नका, नाव मऊ टोकाच्या मार्करनेच लिहा.

आजी-आजोबांना डीव्हीडी जरूर द्या, पण मूळ फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. डिस्क खराब झाली तर नवीन बनवता येते, मूळ फाइल गेली तर तो दिवस पुन्हा शूट करता येत नाही.