मोटारीतील चार्जिंग सॉकेट : जागा, भार आणि दक्षता

पुण्याहून ताम्हिणी घाटमार्गे कोकणात उतरताना मोबाइलची बॅटरी हमखास मान टाकते. घाटात रेंज क्षीण असल्याने फोन सतत सिग्नल शोधत राहतो. त्यातच नकाशा सुरू असला, की वीज झपाट्याने संपते. अशा वेळी मोटारीतील सॉकेट कामी येते. मात्र त्यावर किती भार टाकावा, याचा विचार क्वचितच केला जातो.

बारा व्होल्टचे गोल सॉकेट मूळचे सिगारेट पेटविण्याचे. लायटर बहुतेक गाड्यांतून हद्दपार झाला, त्याची खोबण तेवढी उरली. गिअरच्या दांड्यापुढे, डॅशबोर्डच्या तळाशी ती आधी पाहावी. तेथे नसल्यास पुढील दोन आसनांमधील हात टेकण्याच्या कप्प्यात, मागील प्रवाशांच्या एसी-झडपांखाली, अथवा मोठ्या गाड्यांत डिकीच्या बाजूच्या भिंतीवर झाकणाआड ती सापडते. नव्या गाड्यांत यूएसबीचे सॉकेटही असते. त्यांपैकी गाणी ऐकण्यासाठी ठेवलेल्या जुन्या धर्तीच्या सॉकेटमधून जेमतेम अर्धा ॲम्पिअर प्रवाह मिळतो. नकाशा चालू असताना चार्जिंगचा आकडा पुढे सरकत नाही, तो बहुधा यामुळेच.

गोल सॉकेटच्या झाकणावर वा कडेवर बऱ्याचदा ‘१२० वॅट’ असे लिहिलेले असते. १२ व्होल्ट आणि १० ॲम्पिअर यांचा हा गुणाकार. फोनचा चार्जर त्यातील अल्प वाटा घेतो. चाकात हवा भरणारा छोटा पंप मात्र एकटाच ही मर्यादा गाठू शकतो. एका सॉकेटला तीन फाटे फोडले, तरी मर्यादा तीच राहते.

भार वाढला, की फ्यूज उडतो. खरा धोका त्यानंतरच्या दुरुस्तीत असतो. फ्यूज हा उपकरणाचा नव्हे, तर गाडीतील तारेचा रक्षक आहे. १० ॲम्पिअरचा लाल फ्यूज काढून २० ॲम्पिअरचा पिवळा बसविला, तर पंप चालेल. परंतु फ्यूज वितळण्यापूर्वी डॅशबोर्डमागील तार तापून तिचे आवरण वितळू शकते आणि आगीला निमंत्रण मिळते. फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा अडकविणे तर त्याहून घातक. योग्य फ्यूज नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानांत अगदी स्वस्तात मिळतो. कितीचा हवा, ते फ्यूजपेटीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते.

काही सॉकेट किल्ली काढली तरी जिवंत राहतात. अर्धा ॲम्पिअर घेणारा डॅशबोर्डवरील कॅमेरा चोवीस तासांत १२ ॲम्पिअर-तास वीज ओढतो. लहान गाडीची बॅटरी साधारण ३५ ॲम्पिअर-तासांची असते. स्थानकाजवळ दोन-तीन दिवस गाडी उभी करून जाणाऱ्यांनी हा हिशेब करावा. इलेक्ट्रिक मोटारीतही हे सॉकेट सहसा स्वतंत्र १२ व्होल्टच्या बॅटरीवरच चालते.

१ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार चालकाला हातातील फोन केवळ मार्ग पाहण्यासाठी, तोही लक्ष विचलित न होता, वापरता येतो. त्यामुळे वायर निघण्यापूर्वीच जोडावी आणि ती गिअरच्या दांड्यात अडकणार नाही, असे पाहावे. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत फोन चार्जिंगला सोडू नये. रिकाम्या खोबणीचे झाकण लावलेले असावे. एखादे नाणे आत पडले, तरी शॉर्टसर्किट होऊन फ्यूज जातो.