मालक कोण, धनी कोण?

मालक हा शब्द आपल्याकडे आला अरबीतून, फारसी-उर्दूच्या वाटेनं. मूळ अर्थानं मालिक एकच, वर बसलेला. मराठीत उतरल्यावर तो घरमालक झाला, गिरणीमालक झाला, आणि आमच्या आयाबायांच्या तोंडी नवराही झाला. एवढे अर्थ पोटात घेऊनही एक अर्थ या शब्दाला पेलत नाही. ज्याच्या नावावर कागद आहेत तो मालक, हे ठीक. पण ज्याचा जीव तिथं अडकला आहे त्याला काय म्हणायचं? हा प्रश्न मी आज फुटबॉलच्या निमित्तानं विचारणार आहे. गोष्ट आहे इंग्लंडातल्या ब्लॅकबर्न नावाच्या गावाची, आणि तिचं एक टोक आपल्या पुण्यात आहे.

ब्लॅकबर्न म्हणजे लँकेशायरमधलं कापडाचं गाव. सूतकताईत क्रांती करणारी जेनी बनवणारा जेम्स हारग्रीव्ह्ज याच परिसरातला. या गावच्या मागांवर एक खास माल निघायचा, तो म्हणजे हिंदुस्थानात खपणारं धोतराचं कापड. तिकडच्या विणकराच्या चुलीवरचं भांडं आपल्या आजोबा-पणजोबांच्या कमरेच्या धोतरावर शिजत होतं म्हणा ना! मग १९०५ मध्ये पुण्यात विलायती कापडाची होळी झाली, १९२१ मध्ये मुंबईत परळला झाली, आणि १९३० मध्ये पुणे जिल्ह्यातल्या महाळुंगे पडवळच्या बाबू गेनूनं परदेशी कापडाच्या ट्रकपुढं देह टाकला. आधीच पहिल्या महायुद्धानंतर मंदावलेला लँकेशायरचा धंदा आणखी खचला. १९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी ब्लॅकबर्नला लागून असलेल्या डार्वेनला गेले. बहिष्कारामुळं बेकार झालेल्या माणसांच्या गावात जायचं, हे धाडसच. पण त्यांनी आपल्याकडच्या त्याहून कितीतरी मोठ्या बेकारीची गोष्ट सांगितली, आणि लोकांनी ती ऐकून घेतली. गिरणीतल्या बायका त्यांच्याभोवती उभ्या राहून जल्लोष करताहेत, असं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्या बायकांचे चेहरे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहेत.

या गावाला कापडाइतकंच वेड होतं फुटबॉलचं. शनिवारी दुपारनंतर गिरण्या थांबायच्या आणि माणसं मैदानाकडं वळायची. आपल्या गिरणगावात कबड्डीचं आणि कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींच्या फुटबॉलचं जे स्थान, तेच तिथं. ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब १८७५ मध्ये स्थापन झाला. स्थापना केली ती शिकल्यासवरल्या घरच्या पोरांनी. पण बघता बघता तो कामगारांचा झाला. त्याच गावातल्या ब्लॅकबर्न ऑलिंपिक या दुसऱ्या संघानं १८८३ मध्ये एफए कपच्या अंतिम सामन्यात ओल्ड इटोनियन्सना २-१ असं हरवलं. एका बाजूला इटनच्या श्रीमंत शाळेतून निघालेले साहेब, दुसऱ्या बाजूला विणकर, नळजोडारी, ओतशाळेतला कामगार. या संघापाशी पैसा नव्हता, तो १८८९ मध्ये संपला. रोव्हर्स टिकला. पुढं त्यानं हा कप सहा वेळा जिंकला, १८८८ च्या पहिल्या फुटबॉल लीगच्या बारा संस्थापकांत तो होता, आणि १९१२ व १९१४ मध्ये लीगचा विजेता ठरला.

नंतर मात्र पडती आली. कापड गेलं तसा क्लबही खाली घसरला. त्याला वर काढलं जॅक वॉकर या गावच्याच माणसानं. पोलादाच्या व्यापारात मोठा झालेला हा गृहस्थ आपली कंपनी ब्रिटिश स्टीलला सुमारे ३३ कोटी पौंडांना विकून मोकळा झाला होता, आणि लहानपणी ज्या क्लबसाठी ओरडला होता तो त्यानं १९९१ मध्ये हाती घेतला. केनी डॅल्ग्लिशला मॅनेजर म्हणून आणलं, अ‍ॅलन शिअररला विकत घेतलं. १४ मे १९९५ रोजी रोव्हर्स लिव्हरपूलकडून हरले, पण त्याच वेळी मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमनं बरोबरीत रोखलं आणि प्रीमियर लीगचं विजेतेपद ब्लॅकबर्नला आलं. पैशानं विकत घेतलेलं यश, असं नाक मुरडणारे तेव्हाही होते. खरंही होतं ते. पण पैसा गावचा होता, आणि तो खर्च करणारा माणूस गावच्याच शिव्या ऐकायला तयार होता. २००० मध्ये वॉकर गेले. त्यांच्या विश्वस्तांनी दहा वर्षं क्लब सांभाळला आणि मग गिऱ्हाईक शोधलं.

ते गिऱ्हाईक पुण्याचं निघालं. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये उभारलेला कोंबडीपालनाचा उद्योग, म्हणजे आपल्या परिचयाचं 'व्हेंकीज'. देशभर अंडी खाण्याचा प्रचार करणारी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी करण्यातही याच रावांचा पुढाकार होता. त्यांच्या कन्या अनुराधा देसाई आणि मुलगे व्यंकटेश व बालाजी यांनी नोव्हेंबर २०१० मध्ये सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना क्लब घेतला, शिवाय कर्जाचा बोजा वेगळा. विलायती कापड जाळणाऱ्या पुण्यानं लँकेशायरचा फुटबॉल क्लब विकत घ्यावा, हा इतिहासाचा विनोद आपल्याकडं अनेकांना गोड वाटला. मलाही वाटला, नाही कशाला म्हणू?

पण महिना उलटायच्या आत, १३ डिसेंबरला, नव्या मालकांनी सॅम अ‍ॅलरडाइस या अनुभवी मॅनेजरला काढलं. संघ तेव्हा तेराव्या स्थानावर होता. घर जळत नव्हतं. त्याच्या जागी त्याचाच सहकारी स्टीव्ह कीन आला. या स्कॉटिश गृहस्थानं त्याआधी कुठल्याही क्लबचं मॅनेजरपद भूषवलं नव्हतं. पहिल्या मोसमात शेवटच्या दिवशी वुल्व्हजला ३-२ हरवून संघ कसाबसा वाचला. लगेच फिल जोन्स हा क्लबमध्येच घडलेला तरुण खेळाडू मँचेस्टर युनायटेडला विकला गेला. ऑक्टोबर २०११ मध्ये, मोसम सुरू असताना, संघ पुण्याला आला आणि बालेवाडीत पुणे एफसीला ३-० हरवून गेला. मग टीव्हीवर जाहिरात झळकली. ड्रेसिंग रूममध्ये ब्लॅकबर्नचे खेळाडू चिकन खाताहेत! इथं बसून ती जाहिरात मजेशीर दिसते. तळाशी रुतलेल्या संघाच्या चाहत्याला ती कशी दिसली असेल, याचा विचार करा.

लोक चिडले. कीन हटाव, व्हेंकीज चले जाव. डिसेंबर २०११ मध्ये बोल्टनविरुद्धची लढत घरच्या मैदानावर हरल्यावर कीनवर जो शिव्यांचा पाऊस पडला, तो पाहवत नव्हता. माझं मत विचाराल तर कीन हा कमकुवत मॅनेजर होता, पण एवढ्या शिव्यांचा धनी नव्हता. मॅनेजर हे मोठं सोयीचं पद आहे. मालक हजारो मैलांवर, खेळाडू आज इथं तर उद्या तिथं. प्रत्येक शनिवारी डोळ्यांसमोर उभा सापडतो तो एकटा मॅनेजर. आपल्याकडं खड्ड्यांवरून लोक वॉर्डातल्या मुकादमाला धरतात, तसंच हे.

७ मे २०१२. पाऊस कोसळत होता. इवूड पार्कवर विगनविरुद्ध सामना, जिंकणं आवश्यक. कुणीतरी क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. शेवटच्या मिनिटांत विगनचा गोल झाला आणि अकरा वर्षांनी ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. कीननं सप्टेंबरअखेर राजीनामा दिला. त्याच्या जागी आलेला हेनिंग बर्ग हा १९९५ च्या विजयी संघातला खेळाडू. अ‍ॅलरडाइसला काढलं तेव्हा याच बर्गनं म्हटलं होतं, की ज्याला स्वतःची पत राखायची आहे असा मॅनेजर या क्लबचं काम घेणार नाही. तो आला आणि ५७ दिवसांत घरी गेला. पुढं कोर्टात जाऊन त्यानं साडेबावीस लाख पौंड वसूल केले. त्याच्यानंतरचा मायकेल अ‍ॅपलटन ६७ दिवस टिकला.

हिंदी माणूस मालक झाला म्हणून गोऱ्यांचा जळफळाट, असं इथं काहींनी तेव्हा म्हटलं. तसे टोमणे मारणारे असतीलही, पण सगळा राग त्या खात्यावर टाकणं मला पटत नाही. २००२ मध्ये विम्बल्डनचा क्लब गावाबाहेर न्यायचं ठरलं, तेव्हा चाहत्यांनी स्वतःचा नवा क्लब काढला. २००५ मध्ये अमेरिकन ग्लेझर कुटुंबानं मँचेस्टर युनायटेड घेतला, तेव्हाही एक गट फुटून निघाला आणि त्यानं वेगळा क्लब उभारला. तिथं कुठला रंग आडवा आला होता? शिवाय ब्लॅकबर्न आता निव्वळ गोऱ्यांचं गाव राहिलेलं नाही. २०२१ च्या जनगणनेत ब्लॅकबर्न-डार्वेन परिसरात ३५ टक्के लोक मुसलमान होते. त्यांतले कितीतरी भरूच-सुरतेकडून गेलेल्यांचे नातू. चाहत्यांचं दुखणं वेगळं होतं. मालक बोलत नव्हते. निषेध वाढला तसे ते मैदानावरही फारसे दिसेनासे झाले. माणूस वाईट निर्णय सहन करतो; अबोला सहन करत नाही.

आणि पुण्याच्या चाहत्यांचं काय? बालेवाडीत ब्लॅकबर्नशी खेळलेला पुणे एफसी पाच वर्षांत इतिहासजमा झाला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला, त्याची जागा हैदराबादच्या संघानं घेतली. कोंबडी सोडायला मैदानच उरलं नाही.

व्हेंकीजची दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१७ मध्ये, पुन्हा ७ मे रोजीच, ब्रेंटफर्डला ३-१ हरवूनही निव्वळ गोलफरकानं ब्लॅकबर्न तिसऱ्या श्रेणीत फेकला गेला. प्रीमियर लीग जिंकलेल्या क्लबवर अशी वेळ प्रथमच आली. त्यांनी तरीही क्लब वाऱ्यावर सोडला नाही. वर्षानुवर्षं तोटा भरत राहिले. मॅनेजर टोनी मोब्रे पुण्याला येऊन मालकांशी बोलू लागले आणि २०१८ मध्ये संघ पुन्हा वर आला. २ मे २०२२ रोजी इवूड पार्कच्या हिरवळीवर ईदची नमाज झाली. ब्रिटनमधल्या कुठल्याही क्लबच्या मैदानावर झालेली ती पहिली.

पुढं परकी चलनाच्या कायद्याखालची चौकशी उभी राहिली. २०२३ मध्ये क्लबला पैसे पाठवायलाही कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली, आणि लँकेशायरमधली माणसं दिल्लीतल्या तारखांकडं डोळे लावून बसली. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या गावातच जन्मलेला, क्लबमध्येच वाढलेला १९ वर्षांचा अ‍ॅडम व्हार्टन क्रिस्टल पॅलेसला विकला गेला. त्या मोसमाच्या शेवटच्या दिवशी लेस्टरला २-० हरवून रोव्हर्स कसाबसा वाचला. व्हार्टन त्याच उन्हाळ्यात युरो स्पर्धेसाठी इंग्लंडच्या संघात निवडला गेला.