खाचेतून सरकलेली रबरी रिंग

#थ्रेड

१/ २१ सप्टेंबर २००५. कॅलिफोर्नियातील बरबँकहून न्यूयॉर्ककडे निघालेल्या जेटब्लूच्या एअरबस ए३२० विमानाची पुढची चाके उड्डाणानंतर आत जाईनात. वैमानिकांनी विमान लाँग बीचच्या नियंत्रण मनोऱ्याजवळून कमी उंचीवर नेले, तेव्हा बिघाड उघड झाला. पुढची दोन्ही चाके ९० अंशांत आडवी वळली होती.

२/ ए३२० विमानाला हवेत इंधन टाकून देता येत नाही. ते जाळून वजन घटवण्यासाठी विमान सुमारे तीन तास आकाशात राहिले. आत १४० प्रवासी आसनांसमोरील पडद्यांवर आपल्याच विमानाची थेट बातमी पाहत होते. लॉस एंजेलिसच्या धावपट्टीवर टायर जळाले, ठिणग्यांचा लोळ उठला. पण कोणालाही इजा झाली नाही.

३/ हा प्रकार नवा नव्हता. १६ फेब्रुवारी १९९९ रोजी ओहायोतील कोलंबस येथे अमेरिका वेस्टचे ए३२० अशाच आडव्या चाकांवर उतरले होते.

४/ पुढचे चाक वळते ते हायड्रॉलिक तेलाच्या दाबाने. ए३२० मध्ये हा दाब सुमारे ३,००० पीएसआय असतो. उतरण्यापूर्वी चाके खाली आली की संगणक ती किंचित वळवून चाचणी घेतो आणि काही विसंगती आढळल्यास तेलाचा पुरवठा तोडतो.

५/ कोलंबसच्या विमानात मात्र सिलेक्टर व्हॉल्व्हवरील ओ-रिंग खाचेबाहेर सरकल्या होत्या. संगणकाने आज्ञा दिली तरी तेलाला आडवाट सापडली. दाब सर्व्हो व्हॉल्व्हपर्यंत पोहोचत राहिला आणि त्या व्हॉल्व्हच्या अंगभूत सूक्ष्म कलामुळे चाके वळत गेली.

६/ उपाय होता सील बदलण्याचा. एअरबसची तशी सूचना निघाली. फ्रान्स आणि अमेरिकेच्या नियामकांनी ती सक्तीची केली. मग २००५ साली पुन्हा तेच का घडले?

७/ कारण या वेळी दोष रबराचा नव्हता. आधाराचा भाग जागीच राहावा म्हणून असलेले धातूचे छोटे लग तुटले होते. अमेरिकेच्या एनटीएसबीच्या निष्कर्षानुसार ते तुटले उतरण्यापूर्वीच्या त्याच चाचण्यांच्या वारंवार ताणाने! शिवाय संगणकाच्या रचनेमुळे चाके सरळ होऊ शकली नाहीत आणि ती प्रणाली पुन्हा सुरू करून पाहण्याची कार्यपद्धतीही नव्हती.

८/ लक्षण एक, कारणे दोन. १९९९ चे उत्तर योग्य होते, पण ते एकाच कारणाचे होते. सुरक्षेसाठी घेतलेली चाचणीच धातू थकवीत होती, हे त्या उत्तरात मावणारे नव्हते.

९/ इतिहासाच्या स्मरणात ठिणग्या राहतात. विमान वाचवणारे काम मात्र हँगरमध्ये होते : मुदतीत सील बदलणे, तेल स्वच्छ राखणे, गळतीचा थेंबही नोंदवणे आणि जुने उत्तर हाताशी असतानाही तुटलेला भाग नव्याने तपासणे.