एका दिवसाचे दात

माझी आत्या इंदूरला असते. वय ७१, पंधरा वर्षांचा मधुमेह. वर पूर्ण कवळी आणि खाली स्वतःचे आठ दात. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात तिने मला फोनवर वर्तमानपत्रातली एक जाहिरात वाचून दाखवली. सकाळी उरलेले दात काढायचे, जबड्यात इम्प्लांट बसवायचे आणि संध्याकाळी पूर्ण तोंडाचे पक्के दात घेऊन घरी जायचे, असा तिचा मथितार्थ होता. बोलताना कवळी सुटते म्हणून आत्याने लग्नाकार्यांना जाणे जवळजवळ सोडले होते. ती म्हणाली, ''अरे, तू इतिहास शिकवतोस ना? मग मला एवढंच सांग, एका दिवसात होणारं हे काम सुरक्षित असतं का?''

मी दंतवैद्य नाही. पण तिचा प्रश्न डोक्यातून जाईना. दात गेल्यावर ते लगेच परत मिळावेत ही माणसाची जुनी इच्छा आहे, आणि त्या घाईची किंमत कोणी मोजली याच्या नोंदी इतिहासात आहेत. आत्यासाठी म्हणून त्या वाचत गेलो.

'त्याच दिवशी दात' देण्याचा एक गाजलेला प्रयोग अठराव्या शतकात लंडनमध्ये झाला. जॉन हंटर हा त्या काळचा नामवंत शल्यविशारद. मानवी दातांवरचा त्याचा ग्रंथ १७७१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याने एक मानवी दात कोंबड्याच्या तुऱ्यात रोवून पाहिला होता, आणि एकाच्या तोंडातला ताजा दात दुसऱ्याच्या तोंडात रुजतो अशी त्याची खात्री झाली होती. मग श्रीमंतांच्या तोंडांत गरिबांचे दात बसू लागले. दात देणारी माणसे एकाहून अधिक तयार ठेवावीत, म्हणजे पहिल्याचा दात बसला नाही तर दुसऱ्याचा काढता येईल, असा हंटरचा सल्ला होता. थॉमस रोलंडसन या चित्रकाराने १७८७ मध्ये या व्यवहारावर एक बोचरे व्यंगचित्र काढले. त्यात धुराडी साफ करणाऱ्या पोराचा दात उपटला जातो आहे आणि शेजारी ज्या बाईसाठी तो काढला जातो ती बसलेली आहे. असे दात काही काळ टिकत, मग हलत आणि पडत. दातांबरोबर उपदंशासारखे रोगही आले अशा तक्रारी वैद्यकीय लिखाणात येऊ लागल्या, आणि ही प्रथा हळूहळू मागे पडली.

या प्रयोगात पहिला दिवस नेहमीच यशस्वी असे. बाई आरशात पाहून खूश होऊन घरी जात असे. अपयश पुढे कधीतरी, तिच्या घरी, सावकाश येत असे. पुढच्या दोन शतकांचा इतिहास वाचताना मला हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत राहिली.

विसाव्या शतकात माणसाच्या दातांची जागा धातूने घेतली. १९६०च्या दशकात अमेरिकेत लिओनार्ड लिंको यांची पात्यासारखी चपटी इम्प्लांट लोकप्रिय झाली. पाते हाडात बसवून त्यावर थोड्याच दिवसांत दात चढवत. बऱ्याचदा धातूभोवती हाडाऐवजी मऊ तंतुमय पेशीजाल तयार होई आणि पाते हलू लागे. १९७८ मध्ये हार्वर्ड येथे भरलेल्या परिषदेने इम्प्लांट यशस्वी मानण्यासाठी निकष ठरवला तो असा : शंभरातले पंचाहत्तर पाच वर्षे कामात राहावेत. म्हणजे पाच वर्षांत चारांतला एक गेला तरी उपचार यशस्वी ठरत होता.

हे चित्र बदलले ते एका स्वीडिश संशोधकामुळे, आणि त्याची सुरुवात दातांपासून झालीच नव्हती. १९५२ च्या सुमारास लुंड विद्यापीठात पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी त्यांनी हाडात टिटॅनियमची एक छोटी नळी बसवली होती. काम झाल्यावर ती काढून पुन्हा वापरायची होती, पण ती निघेना. हाड धातूला थेट जाऊन चिकटले होते. हाड आणि धातू यांच्या या एकजीव होण्याला पुढे 'ऑसिओइंटिग्रेशन' हे नाव मिळाले. १९६५ मध्ये गोथेनबर्ग येथे योस्टा लार्सन या जन्मतः जबड्यात व्यंग असलेल्या माणसाच्या खालच्या जबड्यात त्यांनी टिटॅनियमचे चार स्क्रू बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोवर चाळीस वर्षे ते त्या आधारावर जेवत होते.

ब्रोनेमार्क यांचा खरा आग्रह होता थांबण्याचा. स्क्रू बसवायचा, त्यावर हिरडी शिवून टाकायची, आणि खालच्या जबड्यात सुमारे तीन महिने व वरच्या जबड्यात सहा महिने त्याला हात लावायचा नाही. वरचे हाड जास्त पोकळ, म्हणून मुदत दुप्पट. त्यांच्या गटाचा पंधरा वर्षांचा अहवाल १९८१ मध्ये आला. पाच ते नऊ वर्षे पाहणीखाली असलेल्या रुग्णांत वरच्या जबड्यातले ८१ टक्के आणि खालच्या जबड्यातले ९१ टक्के स्क्रू घट्ट होते. १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतर ही पद्धत उत्तर अमेरिकेतही मान्य झाली.

मग ही मुदत एका दिवसावर आली कशी? थांबायचे का, याचे कारण जसजसे उलगडत गेले तसतशी ती कमी झाली. हाडाला ताणापेक्षा हालचालीचे वावडे आहे. स्क्रू भोवतालच्या हाडात साधारण ५० ते १५० मायक्रॉनपेक्षा, म्हणजे एखाद्या केसाच्या जाडीपेक्षा, जास्त हलत राहिला तर हाडाऐवजी तंतू तयार होतात. तेवढी हालचाल रोखता आली तर दात पहिल्या दिवशीही चढवता येतात. त्यासाठी स्क्रूची सुरुवातीची पकड घट्ट हवी आणि सगळे स्क्रू एका कडक पट्टीने एकमेकांना जखडलेले हवेत. ज्यांनी जगाला थांबायला शिकवले त्या ब्रोनेमार्क यांनीच १९९९ मध्ये खालच्या जबड्यासाठी तीन स्क्रू आणि तयार पट्टी वापरून एका दिवसात दात देण्याची पद्धत मांडली. ५० रुग्णांतील १५० स्क्रूंपैकी ९८ टक्के टिकले होते. तरीही पट्टीचे माप आधीच ठरलेले आणि जबडे मात्र नाना तऱ्हांचे, त्यामुळे ती पद्धत फार रुळली नाही.

रुळली ती लिस्बनच्या पाउलो मालो यांची : पुढे दोन सरळ स्क्रू आणि मागे दोन तिरके, म्हणजे मागची शीर आणि वरची पोकळी दोन्ही टळतात. २००३ चा त्यांचा पहिला अहवाल ४४ रुग्णांचा आणि १७६ इम्प्लांटचा आहे. त्यातली एक बाब जाहिरातींत कधीच येत नाही. ४४ पैकी २४ रुग्णांच्या जबड्यात त्यांनी मिळून ६२ जादा इम्प्लांट बसवून ठेवले होते. त्यांच्यावर भार न देता ते राखीव ठेवले होते, चारांतला एखादा गेला तर असावेत म्हणून. पहिल्या सहा महिन्यांत पाच गेलेही. पुढे २४५ रुग्णांच्या, दहा वर्षांपर्यंतच्या अहवालात खालच्या जबड्यातल्या इम्प्लांटचे यश सुमारे ९५ टक्के दिसले. उपचार म्हणून हे आकडे उत्तमच आहेत. मात्र ते अनुभवी हातांचे आणि निवडून घेतलेल्या रुग्णांचे आहेत, हे विसरता येत नाही.

वाचनातून मला आणखी एक गोष्ट कळली. पहिल्या दिवशी दातांना धरून ठेवते ती केवळ स्क्रूच्या आट्यांची पकड. पुढच्या दिवसांत आट्यांजवळचे दुखावलेले हाड झिजते आणि त्या जागी नवे येऊ लागते. जुनी पकड सैल झाली आहे आणि नवी अजून पुरती आलेली नाही, अशी स्थिती साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात असते. नेमके तेव्हाच दुखणे थांबलेले असते आणि माणूस चकलीकडे हात करतो. म्हणून पहिल्या दिवशीचे दात तात्पुरते असतात, खाणे दोन-तीन महिने मऊच ठेवावे लागते आणि कायमचे दात त्यानंतर येतात. दात एका दिवसात बसतात. हाड आपला वेळ घेतेच. साखर वाढलेली असेल, तंबाखू किंवा मशेरी चालू असेल, हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिली जाणारी काही औषधे घेतलेली असतील, झोपेत दात खाण्याची सवय असेल, तर हाडाचे काम आणखी अवघड होते. आणि नैसर्गिक दात एकदा काढला की तो कोणत्याही दिवशी परत येत नाही.

हे सारे वाचून मी आत्याला सांगितले, ''डॉक्टरांना एकच प्रश्न विचार. त्या दिवशी पकड हवी तेवढी मिळाली नाही, तर संध्याकाळी तुम्ही काय कराल?'' जाहिरातवाल्या दवाखान्यात उत्तर मिळाले, ''आमच्याकडे असं होत नाही.'' दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी आधी तिची रक्ततपासणी मागितली. खालचे सहा दात घट्ट आहेत, ते काढायचे कारण नाही, हलणारे दोनच काढू, असे सांगितले. साखर ताब्यात यायला तीन महिने दिले. आणि म्हणाल्या, ''तसं झालं तर 'आज नको' म्हणेन आणि तुम्हाला जुन्याच कवळीवर घरी पाठवीन.''

तसेच झाले. वरच्या जबड्यात पाच इम्प्लांट बसले, पण दोघांची पकड कमी भरली. डॉक्टरीणबाईंनी हिरडी शिवली, कवळी आतून मऊ करून दिली आणि सहा महिन्यांनी या म्हणाल्या. त्या रात्री आत्या फोनवर हिरमुसलेली होती. ''इतके पैसे भरले आणि तोंडात तीच कवळी,'' म्हणाली. तिची समजूत घालणे मला जमले नाही. इतिहास सांगून हिरमोड भरून निघत नाही.

पाचही इम्प्लांट रुजले. गेल्या कार्तिकात ती नातीच्या लग्नात पंगतीला बसली. दर सहा महिन्यांनी ती सफाईला जाते, कारण इम्प्लांटभोवतीची हिरडी आणि हाड संसर्गाने खराब होऊ शकते आणि ते बरेचदा न दुखता होते. सुरक्षित का, या तिच्या प्रश्नाचे माझे उत्तर आता असे आहे : होय, जिथे ठरल्या दिवशी 'आज नको' म्हणायची तयारी असते तिथे. हंटरने दुसरा गरीब दारात उभा करून ठेवला होता, मालो यांनी जादा इम्प्लांट राखून ठेवले होते, आत्याच्या डॉक्टरीणबाईंनी जुनी कवळी हाताशी ठेवली. अपयश येऊ शकते हे तिघांनाही ठाऊक होते. ते आले तर कोणाच्या अंगावर पडेल याचा विचार मात्र प्रत्येकाचा वेगळा होता.