विमानप्रवासाचे सामान : काय सोबत घ्यावे, काय घेऊ नये

चेन्नईच्या दक्षिणेस सिरुसेरी येथे सिपकॉटचे माहिती तंत्रज्ञान संकुल आहे. नोकरीनिमित्त येथे राहणारी मराठी मंडळी सणासुदीला विमानाने गावी जातात. त्यांच्या सामानात लॅपटॉप आणि पॉवर बँक असते. परतताना त्यात लोणचे, मसाले आणि ओटीचा नारळ यांची भर पडते. यातील प्रत्येक वस्तूची जागा नियमाने ठरलेली आहे.

पॉवर बँक व सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमधील हातसामानातच ठेवाव्या लागतात. चेक-इन सामानात त्या आढळल्यास ते सामान रोखले जाते. लिथियम बॅटरीने पेट घेतल्यास विमानाच्या मालकक्षातील अग्निशमन यंत्रणेला ती पूर्णपणे विझवता येईलच असे नाही. केबिनमध्ये मात्र कर्मचारी तत्काळ उपाय करू शकतात. ऑक्टोबर 2025 मध्ये दिल्लीहून दिमापूरला निघालेल्या विमानात, ते धावपट्टीकडे जात असताना, एका प्रवाशाच्या पॉवर बँकेने पेट घेतला. कर्मचाऱ्यांनी ती आग लगेच विझवली.

100 वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीस परवानगी लागत नाही. 100 ते 160 वॉट-तासांसाठी विमान कंपनीची संमती आवश्यक असते; त्यापुढील क्षमतेच्या बॅटरीस मनाई आहे. 3.7 व्होल्टची 20,000 मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक 74 वॉट-तासांची भरते. क्षमतेचा आकडा पुसला गेलेली पॉवर बँक सुरक्षा तपासणीत अडवली जाऊ शकते.

सुक्या खोबऱ्याची वाटी अनेकांना निरुपद्रवी वाटते. मात्र खोबऱ्यात सुमारे दोन तृतीयांश तेल असते आणि ते आपोआप तापून पेटू शकते. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांत खोबऱ्याची गणना धोकादायक वस्तूंत होते. ते हातसामानात किंवा चेक-इन सामानात ठेवू नये. अख्खा नारळही एरवी केबिनमध्ये नेता येत नाही. शबरीमला यात्रेकरूंना इरुमुडीतील नारळ सोबत नेता यावा, यासाठी ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्र सरकारला विशेष सवलत द्यावी लागली. ती 20 जानेवारी 2025 पर्यंत होती. ओटीचा नारळ चेक-इन सामानात ठेवण्यापूर्वी विमान कंपनीकडे विचारणा करावी.

लोणचे, तिखट, मसाले आणि तेल घट्ट बंद करून चेक-इन सामानात द्यावे. चकली, शंकरपाळे यांसारखा कोरडा फराळ हातसामानात चालतो. सुरी, कात्री, पेचकस व अन्य हत्यारे चेक-इन सामानातच ठेवावीत. फटाके, काडेपेटी, लायटर आणि स्वयंपाकाच्या गॅसचे डबे कोणत्याही सामानात नेता येत नाहीत.

परदेशप्रवासात द्रवपदार्थांसाठी वेगळा नियम आहे. ऑगस्ट 2006 मध्ये लंडन येथे द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आल्यानंतर तो लागू झाला. त्यानुसार प्रत्येक बाटली 100 मिलिलिटरपर्यंतची असावी आणि सर्व बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावाव्यात. प्रवासात लागणारी औषधे व बाळाचे अन्न यांना आवश्यक तेवढी सूट मिळते. औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी.

देशांतर्गत प्रवासात साधारणतः 7 किलोपर्यंतचे एक हातसामान नेता येते. चेक-इन सामानाची मर्यादा विमान कंपनी व तिकिटानुसार बदलते, म्हणून ती तिकिटावर पाहावी. बॅग घरीच तपासून निघाल्यास, आईने दिलेली वस्तू तपासणीच्या रांगेत टाकून देण्याची वेळ येत नाही.