तक्त्यातील न छापलेली ओळ : जालना, बुलढाणा, जळगाव

१/८
निजामी राजवटीमुळे मराठवाडा मागे राहिला का? इतिहासाचे अभ्यासक आता असे प्रश्न रिग्रेशनच्या तक्त्यांतूनही तपासतात. ब्रिटिश अंमल आणि संस्थानी अंमल यांची तुलना करणारा लक्ष्मी अय्यर यांचा २०१० चा निबंध प्रसिद्ध आहे. असे तक्ते वाचावे कसे, यासाठी हा थ्रेड.

२/८
साक्षरता ही संख्या आहे. राजवट हा वर्ग आहे. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी निर्माण झाला, परंतु त्याचा प्रदेश हैदराबाद संस्थानातला. शेजारचे जळगाव १८१८ नंतर थेट ब्रिटिशांकडे गेले.

३/८
बुलढाण्याचे काय? १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे सोपवला, तोही हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चापोटी. त्या फौजेची एक छावणी जालन्यातच होती! वऱ्हाडवरील निजामाचे नाममात्र स्वामित्व मात्र कायम राहिले. म्हणून हा तिसरा वर्ग.

४/८
या वर्गांना १, २, ३ असे क्रमांक देऊन ते संख्या म्हणून वापरले, तर वर्गांमधील अंतरे समान आहेत असे संगणक गृहीत धरतो. इतिहासात त्याला आधार नाही. म्हणून प्रत्येक वर्गासाठी ‘होय १, नाही ०’ असा स्वतंत्र स्तंभ करतात आणि एक वर्ग वगळतात. तो आधारवर्ग, बाकीचे आकडे त्याच्याशी तुलना करून येतात.

५/८
काल्पनिक उदाहरण घेऊ. आधारवर्ग थेट ब्रिटिश अंमल. साक्षरतेत वऱ्हाड −३, निजाम −८. आता निजाम आधारवर्ग करा : वऱ्हाड +५, थेट ब्रिटिश +८. विदा तीच, अंतरेही तीच. पहिल्या तक्त्यात मराठवाडा उणा दिसतो, दुसऱ्यात तो मापाचा आरंभबिंदू होतो.

६/८
आधारवर्गाची ओळच छापली नाही, तर −८ कोणाच्या तुलनेत, हे वाचकाला कळणार कसे?

७/८
चांगल्या तक्त्यात आधारवर्ग ‘० (आधार)’ असा छापलेला असतो. ‘राजवट २’ऐवजी ‘वऱ्हाड’ लिहिलेले असते आणि प्रत्येक वर्गातील जिल्ह्यांची संख्या दिलेली असते. आकड्यापुढील तारांकन केवळ आधारवर्गाशी असलेल्या फरकाविषयी बोलते. वऱ्हाड आणि निजामी प्रदेश यांच्यातील फरक स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

८/८
आधारवर्ग निवडणे म्हणजे कोणाची राजवट ‘सामान्य’ मानायची, हे ठरवणे. हा निर्णय संगणकावर सोडू नये. तो इतिहासाच्या अभ्यासकाने घ्यावा आणि तक्त्याखाली कारणासह लिहावा. मराठवाड्याच्या मागासलेपणाचा पुढचा तक्ता समोर आला, की आकड्यांआधी ती ओळ शोधा.